रेघेपर्यंत पाणी

आमच्या घरात समुद्र आला तो माझं बाळ गेल्यानंतर सातव्या महिन्यात. समुद्र हा माझ्या नवऱ्याचा शब्द. मला ती बैठकीच्या खोलीतली काचेची पेटी वाटायची, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवण पुढं आलं की जेवायची, ताट उचललं की उठायची.

मुलगी होती. जन्मली ती श्वास न घेताच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली आणि तमिळमध्ये सांगितलं की कधीकधी कारण सापडत नाही. मला मात्र कारण सापडलं होतं. आठवा महिना लागल्यापासून सासू मला दर शुक्रवारी सकाळी एक काढा द्यायची. त्यात सुंठ होती, ओवा होता आणि एक मुळी होती. मुळीचं नाव विचारलं तर "आपल्या घरचं औषध" एवढंच म्हणायची. शेवटचा काढा प्यायले त्यानंतर तीन दिवसांनी बाळाची हालचाल थांबली.

सासू म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. तंजावूरच्या आम्हां मराठी लोकांत मामाची मुलगी करायची रीत आहे, त्यामुळे मी लग्न होऊन आत्याच्याच घरी आले आणि लग्नानंतरही तिला आत्याच म्हणत राहिले. आईवेगळ्या माझ्या वडिलांना तिनंच वाढवलेलं. लहानपणी माहेरच्या पापनाशमहून सुट्टीला आले की मी तिच्याच कुशीत झोपायची. त्याच आत्यासाठी माझ्याकडे एक वाक्य तयार होतं: तुझ्या काढ्यानं माझं बाळ गेलं. ते वाक्य मी दिवसातून कितीतरी वेळा मनात म्हणून बघायची. तोंडाबाहेर काढत नव्हते, कारण ते एकदा बाहेर पडलं की वडील बहिणीच्या उंबऱ्याला पाय लावणार नाहीत आणि दोन्ही घरं कायमची मोडतील हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी आत्याशी बोलणंच टाकलं. हो, नाही, झालं, या तीन शब्दांवर आमचा संसार चालला होता.

त्याच सुमारास आमच्या रस्त्यात केबल आली. शेजारच्या गच्चीवरून काळी वायर नारळाला वेढा घालून आमच्या खिडकीतून आत आली आणि मी दुपारभर टीव्हीसमोर आवाज बंद करून बसायला लागले. एकदा पडद्यावर एक नारिंगी मासा दिसला. समुद्राच्या तळाला एक फुलासारखा प्राणी होता, बोटाएवढ्या मऊ पाकळ्यांचा, आणि हा मासा त्या पाकळ्यांत शिरून बसला होता. नवरा शेजारी उत्तरपत्रिका तपासत होता. मी विचारलं, "ह्याला तें फूल डसत नाहीं का?"

एवढं लांब वाक्य मी कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. त्याच्या हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली. त्या एका वाक्याच्या जिवावर त्यानं समुद्र बांधायला घेतला.

तो पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. हातात पकड आणि पाना आला की त्याला जेवणाची शुद्ध राहायची नाही. काच कापून आणली, सांधे जोडायचा डिंक मद्रासहून मागवला, लोखंडी घोडी पॉलिटेक्निकच्या कार्यशाळेत वेल्डिंग करून घेतली. तळाला जाळी, जाळीवर शिंपल्यांचा भुगा, हवा सोडणारा छोटा पंप, वर दोन ट्यूबलाइट. करंट गेला तर पंप थांबू नये म्हणून स्कूटरची बॅटरीही जोडून ठेवली. मग एका रविवारी मित्राची व्हॅन घेऊन मल्लिपट्टणमला गेला आणि किनाऱ्यापासून आत, बोटीतून, स्वच्छ पाणी पांढऱ्या कॅनमध्ये भरून घेऊन आला.

कॅन व्हॅनमधून उतरत होते तेव्हा आत्या दारात उभी होती. ते चपलांच्या बाजूला ठेवलेले तिला खपले नाहीत. "समुद्राचं पाणि घरांत आलं मणजे तीर्थच की," म्हणाली आणि स्वतः एकेक कॅन फरफटत आत नेला. पेटी भरल्यावर घोडीच्या पायाला तिनं कुंकू लावलं.

त्यानंतर महिनाभर पेटीत फक्त पाणी. पाणी पिकायला हवं, असं नवऱ्याचं म्हणणं. डोळ्यांना न दिसणारे जीव आधी वाळूत रुजले पाहिजेत, मग मासे. शेजारचे निवृत्त तहसीलदार रोज संध्याकाळी येऊन वाकून बघायचे आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "सर, तुमचे मासे फारच बारीक दिसतात." नवरा हसायचा. हसता हसता चोरून माझ्याकडे बघायचा, मी हसते आहे का ते. मला त्याची दया यायची, पण हसू येत नव्हतं.

मासा आणायला त्यानं मला बरोबर नेलं. किनाऱ्यावर एका कोळ्यानं दगडासकट एक समुद्रफूल काढून ठेवलं होतं आणि त्यातलाच एक मासा. परतताना बादली माझ्या दोन पायांच्या मध्ये, बॅटरीचा पंप माझ्या मांडीवर. पट्टुकोट्टैचा रस्ता तेव्हा खड्ड्यांनी भरलेला. प्रत्येक खड्ड्याला मी बादली दोन्ही हातांनी धरायची. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की मी पोट धरून बसावं तशी बसले आहे. हात काढून घेतले. पुढच्या खड्ड्याला पाणी हिंदकळलं तसे पुन्हा ठेवले.

फूल पेटीत बसलं. दोन दिवस मिटून होतं, तिसऱ्या दिवशी उघडलं आणि मासा आत शिरला. नवऱ्यानं मला कामही लावून दिलं. तंजावूरच्या उकाड्यात पेटीतलं पाणी रोज बोटभर आटायचं. पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून वरून साधं पाणी घालायचं. त्यासाठी न्हाणीजवळ एक निळी प्लास्टिकची बादली होती. तीत नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवायचं, ब्लीचिंगचा वास गेला की तेच घालायचं, दुसरं नाही. किती घालायचं ते कळावं म्हणून त्यानं काचेवर माझ्या नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली होती. रेघेपर्यंत.

आठवडाभर मी ते नेमानं केलं. मग एका सकाळी उठावंसं वाटलं नाही, दुसऱ्या सकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन बघते तर पाणी बरोबर रेघेवर होतं. मला वाटलं नवरा घालत असेल, आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

दोनतीन आठवड्यांनी एका सकाळी पाणी प्यायला उठले तर पेटीपाशी आत्या. न्हाऊन आलेली, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला, आणि हातात तांब्याचा चंबू. आमच्या घरात प्यायचं पाणी तांब्याच्या घागरीत असायचं. रात्री भरून ठेवलेली घागर, आत तुळशीचं पान, दर शुक्रवारी चिंचेनं घासून लखलखीत केलेली. घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी तेच. न्हाणीपाशी पडून असलेल्या प्लास्टिकच्या बादलीतलं पाणी तीर्थात ओतणं तिला कसं रुचेल? ती घागरीतलं पाणी चंबूनं, धार न लागता, काचेच्या कडेवरून हळूच सोडत होती.

मला बघून म्हणाली, "तूं नीज गे अजून. मी घालतें रोज."

बादलीचंच पाणी घालायचं, हे मला माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं, पण नियम माहीत होता. तेवढं सांगायला मला तिच्याशी एक पूर्ण वाक्य बोलावं लागलं असतं. मी वळले आणि जाऊन आडवी झाले.

त्यानंतर महिन्याभरानं फूल बिघडलं. आधी दुपारी उशिरा उघडायला लागलं, मग अर्धंच उघडायचं. पाकळ्या आखडल्या, मधलं तोंड सैल पडून उघडंच राहायला लागलं. मासा आत शिरू बघायचा आणि बाहेर यायचा. नवऱ्यानं मिठाचं प्रमाण तपासलं, ट्यूब बदलली, पुन्हा मल्लिपट्टणमला जाऊन ताजं पाणी आणलं. रोज पॉलिटेक्निकहून आला की चपला न काढताच पेटीपाशी. एका सकाळी फूल दगडावरून सुटून वाळूवर पडलं होतं आणि झाकण उचलताच नासल्याचा वास आला. त्यानं ते हातानं काढलं, केळीच्या पानात गुंडाळलं आणि परसात पुरलं. मी खिडकीतून बघत होते. बाळाला पुरायला तो घेऊन गेला होता तेव्हा मी बघितलं नव्हतं. हे बघितलं.

मग तो कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेला आणि मद्रासच्या मासेवाल्या दुकानदाराशी बोलून आला. आल्यावर कॉफीची डबरा-वाटी तशीच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला होता: पाण्यात तांबं गेलं का? नाणं, वायर, भांडं, काहीही? माशांना रोग झाला तर आम्ही तांब्याचंच औषध घालतो, म्हणाला, मासा सोसतो, फुलाला मात्र ते विष. थोडंथोडं रोज गेलं तरी साठत जातं, आणि वाळूत मुरलं की मग कुठलंच फूल त्या पेटीत जगत नाही.

"घागरीचं पाणि कोणी घातलं का पेटींत?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आत्या चुलीपाशी होती. तिनं हातातला चमचा खाली ठेवला. तिचं तोंड पांढरं पडलेलं मला दिसलं, आणि दहा महिने जपून ठेवलेलं माझं वाक्य सरळ जिभेवर येऊन बसलं. इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. आता कुणाला काही पटवून द्यायची गरज नव्हती. तिच्या हातचं घरचं, चांगलं, कुणालाही न विचारता दिलेलं, आणि त्यानं जीव गेलेला. हे तर समोरच होतं. मी तोंड उघडलं.

"मी घातलें," मी म्हणाले.

मी असं का म्हणाले हे मी पुढं पुष्कळदा शोधलं. चांगुलपणा नव्हता तो. चांगुलपणा करायचं त्राण माझ्यात नव्हतं. तिला ओतताना मी बघितलं होतं आणि वळून जाऊन निजले होते, एवढंच त्या क्षणी मला स्वच्छ दिसलं. घागर तिची, पण बादलीचा नियम मला माहीत होता.

"तुज बादलीचं सांगितलें होतें मी," तो म्हणाला.

"हो."

"मग?"

"बादली घाण वाटली."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवसांत मला कुणीच रागवायचं नाही, मी इतकी मेल्यात जमा झाले होते. "बरं," म्हणाला, कॉफी प्यायला आणि कामावर गेला.

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो. आमटी उकळून उतू जायला आली तरी तिनं बघितलं नाही, मीच उतरवली.

"तूं कां तसं मणालीस?" तिनं विचारलं.

"उगेच."

"मी बेस पाणि मणूनच घातलें गे. आपण असके जण पितों तेंच."

"ठावें आहे मज."

तिनं परात पुढं ओढली आणि पीठ मळायला घेतलं. मग माझ्याकडे न बघता, भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली, "काढाही बेस मणूनच दिलें होतें तुज. मज माझ्या आजीनं दिलें तेंच. रोज न्हाताना मनांत येतें, तेंही असंच जालं असेल का."

माझं वाक्य होतं ते. मी ते इतके दिवस एकटीचं समजून सांभाळत होते, आणि ती रोज सकाळी ओल्या केसांनी तेच वाक्य घेऊन पेटीपाशी उभी राहत होती. मला तिचा भयंकर राग आला होता, तो खरा होता. पण आता तो धरायला जागाच सापडेना.

"नाहीं आत्या," मी म्हणाले. "काढ्यानं नाहीं जालं."

हे खरं होतं का? मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. मी कुठल्या डॉक्टरला कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. मला रडू वगैरे आलं नाही. फक्त तिचा हात धरावासा वाटला, म्हणून धरला. पिठाचा होता.

पेटीत पुन्हा फूल आलं नाही. मासा मात्र सहा वर्षं जगला, पंपाच्या नळीला अंग टेकून झोपायचा.

आम्ही बोललो त्याच दुपारी परसात घासण्याचा आवाज आला म्हणून बघायला गेले. आत्या निळ्या प्लास्टिकच्या बादलीला आतून बाहेरून चिंच लावत होती. धुऊन तिनं ती घरात आणली, तांब्याच्या घागरीशेजारी ठेवली आणि तिच्या काठाला हळदकुंकवाचं बोट लावलं. प्लास्टिकवर कुंकू धरेना, ओघळलं. तिनं पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली आम्ही दोघींनी उचलली. मी ओतत होते, ती वाकून लाल रेघेकडे बघत होती. "पुरे का गे?" तिनं विचारलं. आणि मी तिला म्हणाले, "अजून थोडं घालूं आत्या, रेघ अजून वर आहे."