नऊ पेल्यांचा पाऊस

पाऊस मोजायचं काम माझ्याकडे आलं त्यात माझी काही हुशारी नव्हती. फुलसावंगीच्या वाटेवरच्या त्या लहानशा कचेरीत पर्जन्यमापक होतं माझ्या क्वार्टरपासून वीस पावलांवर, आणि बाकीचे कारकून लांब राहायचे. सकाळी साडेआठला नरसाळं काढायचं, बाटलीतलं पाणी रेघा आखलेल्या काचेच्या पेल्यात ओतायचं, आकडा रजिस्टरात लिहून तारेनं पाठवायचा. पुढे त्या आकड्याचं काय होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मात्र वर्षानुवर्षं त्याचा विचार करत असे. बायको म्हणायची, "पोरीले पत्र नाही लिहीत एवढी काळजी करून, अन् पाण्याले पोचवून राह्यले."

साठीच्या दशकाच्या मध्यात केव्हातरी पुण्याहून हवामानाच्या कामातले एक साहेब आले. बॅगेत जाड कागदाच्या पट्ट्या, त्यांना बारीक चौकोनी भोकं. म्हणाले, "हे तुमचे आकडे. एकेक दिवस असा भोकं पाडून यंत्राला देतात."

मी पट्टी उजेडाकडे धरून पाहिली. माझं सगळं आयुष्य असं भोकाभोकांचं दिसेल असं वाटलं नव्हतं.

"यंत्र करतं काय साहेब?"

"हिशेब. आमच्या खोलीभर माणसांना महिना लागतो, ते जेवणाच्या सुट्टीत उरकतं."

"मग उद्याचा पाऊस सांगतं?"

"अजून नाही. सध्या कालचा शिकतंय."

साहेब आले होते ते एका आकड्यासाठी. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या एका दिवशी उमरखेड, पुसद, दिग्रस, सगळीकडे जेमतेम शिंतोडे, आणि माझ्याकडे साडेचार इंच. यंत्रानं शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आकडे ताडून पाहिले आणि माझा बाजूला काढला. पाणवठ्यावर बायकाही हेच करतात, फक्त त्यांना वीज लागत नाही.

"चूक असेल तर आपण खोडून टाकू," साहेब सहज म्हणाले.

दाराशी उभे असलेले आमचे चपराशीकाका एक पाऊल आत आले. त्यांची वस्ती नाल्यापलीकडे. धर्मांतरानंतर तिथल्या लोकांनी मिळून छोटा विहार उभा केला होता. त्या नाल्यावर पूल मंजूर झाला होता, आणि एका दिवसात पडलेला सगळ्यात मोठा पाऊस पाहूनच त्याची उंची आणि गाळे ठरणार होते. हा आकडा गेला की पूल होणार बुटका. मोठ्या पाण्यात तो बुडणार, आणि वस्तीचा रस्ता पुन्हा बंद.

"साहेब, त्या रोजी मी छातीभर पाण्यातून आलतो," काका म्हणाले. "माही भिंत गेली त्या रोजी."

"पाणी वरच्या अंगाला पडून नाल्यानं आलं असेल, काका. इथं पडलं हे कशावरून?"

काकांनी रजिस्टर उघडलं. पान पावसानं फुगून पापडासारखं झालेलं. कडेला पेन्सिलीच्या नऊ रेघा. पेला अर्ध्या इंचाचा. मी भरून ओतत होतो आणि दर पेल्याला काका एक रेघ मारत होते. मी मोजताना चुकतो, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

साहेबांनी रेघांवरून बोट फिरवलं. "रेघा मागाहूनही मारता येतात." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "खरं सांगा, तुम्ही कधी अंदाजानं आकडा लिहिला नाही?"

आता इथे माझी पंचाईत. लिहिला होता. त्या साडेचार इंचांच्या आधीच्याच वर्षी एका सकाळी मला थंडी वाजत होती, पाऊस थांबेना. मी ओसरीवरूनच हात लांबवून अंगणातल्या घंगाळात बोट बुडवलं, अडीच पेरं ओली झाली, त्यावरून आकडा ठोकला. तार गेली. कोणी विचारलं नाही. हे कबूल केलं तर नऊ पेल्यांवर कोण विश्वास ठेवील? आणि नाही म्हणावं तर काका समोर उभे. त्यांना घंगाळ माहीत होतं. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, आणि तेच जास्त अवघड होतं.

"लिहिला," मी म्हणालो, आणि पान काढून दाखवलं.

साहेबांनी तो आकडा आपल्या कागदांत शोधला. यंत्रानं त्याला बिनबोभाट पास केलं होतं. पुसदशी, दिग्रसशी अगदी जुळत होता. साहेबांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली. मग हसले.

"बाबूजी, अंदाजानं लिहिणारा माणूस शेजाऱ्यांसारखाच आकडा लिहितो. कोणी विचारू नये म्हणून. साडेचार इंच लिहायला घाबरला असता तुम्ही."

"घाबरलोच होतो," मी म्हणालो. "काकांनी लिहायला लावला."

"जे पेल्यात आलं ते लिहा म्हनलं," काका म्हणाले. "त्यात घाबराचं काय?"

नऊ पेल्यांपुढे साहेबांनी 'खरा' लिहून सही केली. घंगाळाच्या आकड्यावर माझ्याच हातानं लाल रेघ मारायला लावली.

पूल पाच गाळ्यांचा झाला. पहिल्या मोठ्या पावसात मी आणि काका कठड्याशी उभे राहून पाणी बघत होतो. ते पुलाच्या खांबाच्या चौथ्या थराच्या दगडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. काकांनी खिशातून पेन्सिल काढून कठड्यावर एक रेघ मारली.

बायकोचा राग मात्र अजून गेलेला नाही. "माह्या घंगाळाचा आकडा साऱ्या जिल्ह्याशी जुळला," ती म्हणते, "अन् खोडला तोच. काहून?"

मी तिला यंत्राचं सगळं समजावून सांगतो. दर वेळी मध्येच कुठेतरी माझंच चुकतं.