टेहळणीच्या खोलीतलं कुंकू

मोरेश्वर दातार बावीस वर्षं अमेरिकेत रेडमंडला सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो. ऑफिस सुटलं तरी सवय सुटत नाही. मुलगी अनिका लहान असताना कप फुटला की तो म्हणायचा, "कोणी फोडला? खरं सांग, रागावणार नाही." ती खरं सांगायची आणि तो हमखास रागवायचा.

दुसरं खूळ दसऱ्याचं. त्या दिवशी लॅपटॉप, गाडी, गवत कापायचं मशीन, बर्फाचं फावडं, सगळ्यांना कुंकू लागतं. "एक दिवस माझ्या मिक्सरची आरती कराल," असं बायको नीलांबरी म्हणते, आणि तो दिवस फार लांब नसावा.

यंदा दसरा शनिवारी आला. पूजा उरकून बापलेक डोंगर चढायला गेले. माथ्यावर वणवा हेरायची जुनी लाकडी चौकी आहे. चारी बाजूंना काचा, मधोमध स्टँडवर एक पितळी कडं आणि त्याखाली जुना नकाशा. धूर दिसला की पहारेकरी कडं तिकडे फिरवून नकाशावर आगीची जागा काढायचा. आता तिथं कोणी राहत नाही. एक म्हातारी अमेरिकन बाई हौसेनं देखभाल करते.

तीन तासांच्या चढानंतर अनिका बाहेर फोटो काढत राहिली आणि मोरेश्वर एकटाच आत शिरला. 'हात लावू नये' ही पाटी त्यानं वाचली. पण ते कडं बघून त्याला खरोखरच भरून आलं. इतकी वर्षं ह्यानं जंगल राखलं आणि कोणी एक फूल वाहिलं नाही! सकाळची कुंकवाची डबी खिशात होतीच. त्यानं कड्याला कुंकवाचं बोट टेकवलं. तेवढ्यात थंडीनं बधिर झालेल्या हातातून डबी निसटली आणि कुंकू नकाशावर सांडलं. नुसतं झटकलं असतं तर निभावलं असतं. शहाण्यानं रुमाल ओला करून पुसलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. अर्धा नकाशा लाल झाला.

बाई आत आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. दाराशी एक तरुण जोडपं लालभडक मसाल्याचे चिप्स खात बसलं होतं. बाईंनी त्यांची लाल बोटं पाहिली. "तुम्ही हात लावलात?" ती दोघं नाही नाही म्हणत राहिली, आणि जितकं म्हणाली तितकी खोटी वाटली. मोरेश्वर एका हातानं खिशात डबी घट्ट धरून काचेबाहेर बघत उभा. एक वाक्य बोलायचं होतं. तो समोरचे डोंगर मोजत राहिला.

अनिका आत आली. तिनं नकाशा पाहिला, मग बापाच्या मोकळ्या हाताचं लाल बोट.

"इट वॉज मी," ती म्हणाली. "आय ॲम सो सॉरी."

बाई बराच वेळ नकाशावरून हात फिरवत राहिल्या. त्यावरच्या पेन्सिलीच्या रेघा त्यांच्या वडिलांच्या होत्या. अकरा उन्हाळे ते ह्या खोलीत राहिले होते. मग त्यांनी त्या जोडप्याची माफी मागितली, खरं बोलल्याबद्दल अनिकाचे आभार मानले आणि मोरेश्वरकडे वळून म्हणाल्या, "मुलीला फार छान वाढवलंय तुम्ही."

"थँक यू," मोरेश्वर म्हणाला. चक्क म्हणाला! शब्द तोंडातून सुटला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उतरताना अर्ध्या वाटेवर तो पुटपुटला, "अगं, मी सांगणारच होतो."

"इट्स फाइन, बाबा." एवढंच. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नीलांबरीनं पुण्याहून आलेली आपट्याची वाळकी पानं काढली. अनिकानं आईला सोनं दिलं, नमस्कार केला, मग बापाच्या हातात पान ठेवून वाकली. मोरेश्वरनं पाय मागे ओढले.

"अहो, हे काय?" नीलांबरी म्हणाली. "सणासुदीचं आशीर्वाद द्यायचा सोडून! काय झालं?"

आता तरी बोलायला हवं होतं. घरात परकं कोणी नव्हतं. त्यानं तोंड उघडलं, आणि नजर अनिकाकडे गेली.

"बाबा दमलेत, आई," अनिका म्हणाली.

"हो," मोरेश्वर म्हणाला, "दमलोय जरा."