टू-स्ट्रोकचा दम

टर्बोनं शीळ घातली, गाडीनं गचका दिला आणि ती पुन्हा बंद पडली. नांदेडच्या माझ्या गॅरेजसमोर कांबळे मामा हेल्मेट घालून उभे होते.

मामा लोहा गावचे, निवृत्त ग्रामसेवक. जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेऊन आले तेव्हा म्हणाले होते, "गाडीत दम न्हाई राहिला. चढ आला की मामीला उतरून चालावं लागतंय. ती म्हणून राहिली, इकून टाका, न्हाईतर मी एसटीनं जाते."

दम म्हणजे ताकद, असं मी धरलं. खरं तर मला तसंच धरायचं होतं. टू-स्ट्रोकला टर्बो बसवायची हौस मला डिप्लोमापासूनची. लातूरच्या भंगारातून एका छोट्या डिझेल कारचा टर्बो आणला. टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. धुराच्या जोरावर एक फिरतो, दुसरा इंजिनात हवा कोंबतो.

पण टू-स्ट्रोकमध्ये आत यायची आणि बाहेर जायची दारं काही क्षण एकदमच उघडी असतात. हवेबरोबर कोंबलेलं पेट्रोल न जळताच निघून जातं. मूळ सायलेन्सर धुराची लाट उलटी परतवून त्यातलं थोडं आत ढकलतो. मी नेमका तोच काढला होता.

"राहू दे बाबा," मामा शेवटी म्हणाले. "होती तशी करून दे. इकतोच आता."

मान खाली घालून मी जुना सायलेन्सर उचलला. आत तार घातली, ती जाईना. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं. त्याची काजळी साचून आत दगड झाला होता.

"मामा, चढावर गाडी नेमकं काय करते?" हे मी आधी विचारलंच नव्हतं.

"धापा टाकती, दमेकऱ्यावानी. सांगितलं की तुला, दम न्हाई म्हणून."

ते श्वासाबद्दल बोलत होते. मी माझ्या हौसेचं ऐकलं, आणि त्यांची गाडी उगाच अडकवून ठेवली.

सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात भिजवला, काजळी खरवडून काढली आणि टर्बो उतरवून तोच परत बसवला. मग लोह्याच्या वाटेवरच्या चढाला मामांच्या मागं मामी बसल्या. मी माझ्या गाडीवर मागोमाग. मामींना उतरावं लागलं नाही.

वर पोचल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "इतके दिवस हे माझ्या वजनाला नावं ठेवून राहिले होते."

मामा आरसा पुसायला लागले.

आता कोणी टर्बो मागितला की मी आधी सायलेन्सरमध्ये तार घालून बघतो. बहुतेकांचं तेवढ्यातच भागतं.