जगदाळे साहेबांचं हँडमेड

शाहूपुरीत माझं चामड्याचं दुकान आहे. चामडं, बक्कल, दोरा, सोल्यूशन आणि कातडीकामाची हत्यारं. दिवसभर कापाकापी चालते आणि संध्याकाळपर्यंत कातरणाचं एक पोतं भरतं. ते न्यायला आठवड्यातून एकदा माणूस येतो. पण ह्या धंद्यात किश्श्यांचं जे कातरण पडतं ते न्यायला कोण येत नाही! ते माझ्याच डोक्यात साठत राहतं. आज जरा झाडून काढतो.

पूर्वी माझ्याकडं फक्त कारागीर यायचे. कारागीर चामड्याला आधी हात लावणार, वाकवून बघणार, नखानं ओरखडा काढणार, आणि म्हणणार, "पाठीचं दे, पोटाचं नको, ताणतंय." चामडं काय असतं ते मी असंच शिकलो, त्यांच्या शिव्या खाऊन. शाळा नववीतच सुटली होती.

आता चार-पाच वर्षं झाली, हौशी लोक यायला लागलेत. हौशी माणूस चामड्याला हात लावत नाही. तो फोन पुढं करतो आणि म्हणतो, "सेम असंच पाहिजे."

म्हणून मी दुकानाच्या वरच्या मजल्यावर रविवारचा क्लास काढला. शिकवायला रामूमामा. पन्नास वर्षं कोल्हापुरी चपला शिवलेला माणूस. लोक म्हणतात, वा, काय समाजसेवा! कसली समाजसेवा? हौशी माणूस शिकला तर परत सामान घेतो. आणि नाही शिकला तर जास्तच घेतो!

* * *

आमच्या क्लासचं रत्न म्हणजे जगदाळे साहेब. रिटायर्ड इंजिनियर. सरकारी खात्यात तीस वर्षं पूल बांधले आणि त्यातला एकही पडला नाही, असं ते स्वतःच सांगतात.

पहिल्यांदा दुकानात आले ते टाइप केलेली लिस्ट घेऊन. एज बेव्हलर, क्रीझर, स्टिचिंग चिझल, बर्निशर, लहान पंच, मोठे पंच, मोराचा ठसा, फुलाचा ठसा. मी एकेक काढून देत होतो, साहेब टिक करत होते. दोन पिशव्या भरल्या.

मी म्हटलं, "साहेब, चामडं किती देऊ?"

"चामडं?" साहेबांनी लिस्ट उलटी करून मागची बाजू बघितली. "ते लिस्टमध्ये नाहीये."

"साहेब," मी म्हटलं, "हॉल बुक केलासा, बँड सांगितलासा. नवरी कुठाय?"

* * *

पहिला रविवार. पोरंपोरी, बाया-बाप्ये धरून आठ जण. प्रत्येकानं आपापली हत्यारं पुढ्यात ओळीनं मांडलेली, चकचकीत, रबराच्या टोपणांसकट. मामांनी आपली पिशवी सोडली. आतनं निघाली एक रापी, म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी, एक आरी भोकं पाडायला, एक लाकडी मोगरी ठोकायला. बसायला पोतं आणि कापायला दगडी फरशी. संपलं!

मामांनी एक नजर सगळ्यांच्या मांडणीवर फिरवली.

"पावणं, ऑपरेशन कुणाचं हाय?"

पुढचे तीन रविवार मामांनी कुणाला चामडं म्हणून दिलं नाही. नुसती धार लावायची. बोथट रापी चामडं कापत नाही, ओढते, आणि मग माणूस जोर लावतो आणि बोट जातं. हे मामांनी एकदाच सांगितलं आणि डाव्या हाताचं अर्धं राहिलेलं बोट दाखवलं. सगळे धार लावायला बसले.

तिसऱ्या रविवारी कंप्युटरवाला एक जण वैतागला. "मामा, व्हिडिओत नऊ मिनिटांत पाकीट होतंय!"

मामा धारेच्या दगडावर पाणी शिंपडत म्हणाले, "मग त्या व्हिडिओतनंच काढून घ्या की पाकीट."

* * *

क्लासला एक प्राध्यापक मॅडम होत्या. त्यांनी चार महिन्यांत एक टाका घातला नाही, पण मामांच्या हातांचे फोटो शेकड्यानं काढले. एकदा म्हणाल्या, "मामा, हा टेरिकॉटचा शर्ट नको. जरा पारंपरिक काहीतरी घाला ना. ऑथेंटिक वाटत नाही."

मामा म्हणाले, "बाई, मी ऑथेंटिकच हाय. शर्टाचं मला म्हाईत न्हाई. पोरानं आणलाय."

* * *

आता जगदाळे साहेबांचं मुख्य प्रकरण.

ठसा मारायला खाली कडक बैठक लागते. मी त्यांना फरशी घ्या म्हणत होतो. साहेब म्हणाले, "दगड काय विकत घ्यायचा?" बरोबर आहे. घरात सोय होती.

आठ दिवसांनी साहेबांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, दुकानात आल्या. वहिनी कोडोलीची लेक. आवाज असा, की समोरच्या पेट्रोल पंपावरचा माणूस वळून बघतो. त्यांनी काउंटरवर स्टीलचा डबा आपटला, झाकण काढलं आणि आतली चपाती माझ्या नाकापुढं धरली.

"भाऊ, हे काय हाय?"

बघितलं तर चपातीवर पिसारा फुलवलेला मोर! झकास उठला होता.

मी म्हटलं, "मोर हाय, वहिनी."

"मोर हाय हे मला बी दिसतंय! माझ्या चपातीवर का हाय?"

साहेबांनी पातळ चामड्यावर हातोडा घालून घालून मोर खालच्या पोळपाटात उतरवला होता. साहेब तेव्हा वरच होते. वहिनींनी त्यांना हाक मारून खाली बोलावलं आणि माझ्यासमोर, मामांसमोर निकाल दिला.

"दिवाळीपर्यंत एक वस्तू अशी करून दाखवा, की कुणीतरी ती स्वतःच्या मनानं घेतली पाहिजे. तुम्ही गळ्यात न मारता! न्हाईतर दिवाळीच्या साफसफाईत ही सगळी हत्यारं भंगारवाल्याला. आणि हा क्लास बी बंद!"

मी हसणार होतो, पण साहेबांचं तोंड बघून थांबलो. रिटायर झाल्यावर ऑफिसातल्या माणसांचे फोन बंद झाले होते. घरी त्यांना कोण साहेब म्हणत नव्हतं. तो वरचा मजला तेवढा उरला होता.

* * *

मग साहेब पेटले. पण पेटलेल्या माणसाचं डोकं आधी जळतं.

झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं काम करायच्या आधी ओलं करून घ्यावं लागतं, मग ते मऊ येतं आणि वळतं. मामांनी सांगितलं, "घरी भिजवून आणा, चांगलं मुरू द्या." साहेबांना वाटलं, ह्यात फार वेळ जातोय. इंजिनियर माणूस. प्रोसेस सुधारली.

रविवारी त्यांनी रुमालातनं एक काळा, आकसलेला, दगडासारखा तुकडा काढून मामांपुढं ठेवला. नेला होता चपलेचा तळ, राहिला होता करंजीएवढा.

"काय केलासा ह्याला?"

"कुकरला लावलं. तीनच शिट्ट्या."

मामांनी तो तुकडा उचलला, फरशीवर ठक ठक वाजवला आणि गंभीरपणे विचारलं, "रस्सा तांबडा केलासा का पांढरा?"

* * *

तरी साहेबांच्या हातून वस्तू व्हायला लागल्या. पाकिटं, पट्टे, किल्लीला अडकवायचे मासे. सगळ्या वाकड्या. टाके बघितले तर पाऊस पडल्यावर मुंग्यांची रांग फुटते तसे. आणि कुणी बोट ठेवलं की साहेबांचं उत्तर तयार, "हँडमेड आहे ना!"

एकदा मामांच्या पुढ्यात हे बोलले. मामांनी हातातली चपलेची जोडी उलटी करून त्यांच्यापुढं धरली. चामड्याच्याच वादीनं घातलेले टाके, एकाला एक लागून, फूटपट्टीनं आखल्यासारखे.

"हे बी हातानंच केलंय. वाकडं ते वाकडं, साहेब. त्याला इंग्लिश नाव देऊन सरळ हुईत न्हाई."

साहेबांनी त्या वस्तू पावण्यारावळ्यांत वाटून टाकल्या. कुणीतरी मनानं वापरायला लागेल ही आशा. आठवड्यानं सगळ्यांना फोन. मेव्हण्याला विचारलं, "पाकीट वापरतोस का?" मेव्हणा म्हणाला, "भावजी, जपून ठेवलंय!" साडू म्हणाला, "जपून ठेवलंय." पुतणी म्हणाली, "काका, एकदम जपून ठेवलंय." आख्ख्या खानदानात साहेबांची एक वस्तू खराब झाली नाही!

शेवटी त्यांनी कॉलनीच्या वॉचमनला पट्टा दिला. दोन दिवसांनी गेटवर गाडी थांबवून विचारलं, "काय रे, पट्टा कसा आहे?"

वॉचमननं एका हातानं सलाम केला आणि म्हणाला, "जपून ठेवलाय, साहेब."

दुसऱ्या हातानं पँट धरली होती!

* * *

दिवाळी महिन्यावर आली तेव्हा साहेबांनी जाहीर केलं, "आता चप्पल. लेडीज. करकर वाजणारी."

मामा म्हणाले, "मग तळात विंचू घालावा लागंल."

सांगून ठेवतो, विंचू म्हणजे रानातल्या एका झाडाचं बी. टोक वाकडं असतं म्हणून विंचू म्हणायचं. तळाच्या दोन थरांत ते घातलं की चाल पडेल तशी चप्पल करकरते. हे कोल्हापुरात पोरासोरांना माहीत आहे. पण साहेबांचं आयुष्य पुलांवर गेलेलं. त्यांनी लगेच वहीत नोंद केली. ती वही मी नंतर बघितली. लिहिलं होतं :

"विंचू – २ नग. (मेलेले चालतील का, विचारणे.)"

पहिली जोडी झाली. दोन्ही डाव्या पायाच्या! एकच कागदी माप दोनदा ठेवून कापलं, उलटं करायचं राहिलं. साहेब स्वतःच हिरमुसून म्हणाले, "मामा, आता काय?"

मामा म्हणाले, "गिऱ्हाईक सापडणं जरा अवघड हाय."

पण एक सांगितलं पाहिजे. दुसऱ्या जोडीला मामा स्वतः त्यांच्याशेजारी पोतं टाकून बसले. हात लावला नाही, नुसतं बघत बसले. साहेबांची वादी वाकडी गेली की मामा खाकरायचे. साहेब ती उसवायचे आणि परत घालायचे. त्या दिवसांत वरनं फक्त मोगरीचा आणि खाकरण्याचा आवाज यायचा. 'हँडमेड' हा शब्द परत कुणी ऐकला नाही.

जोडी झाली. दोन पायांची. पट्ट्यावरची वेणी बरी आली होती. मामांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली, खाली ठेवली आणि चहा प्यायला निघून गेले. साहेब मला म्हणाले, "काही बोलले नाहीत."

मी म्हटलं, "साहेब, मामा काही बोलले नाहीत म्हणजे पेढे वाटा."

पण वहिनींची अट तशीच होती. कुणीतरी मनानं घेतली पाहिजे. जोडी घरात दाराशी पडून राहिली आणि दिवाळीला आठ दिवस उरले. वहिनींनी भंगारवाल्याला सांगून ठेवल्याचं साहेबांनीच मला सांगितलं.

* * *

शुक्रवारी सकाळी दुकान उघडून मी नुकता बसलो होतो. मामा चामडं निवडायला आले होते. तेवढ्यात साहेब आले. अक्षरशः पळत! हातात पेढ्यांचा बॉक्स. मला पेढा, मामांना पेढा, पलीकडच्या झेरॉक्सवाल्याला पेढा.

"काय झालं, साहेब? नातू?"

"चोरीला गेली!"

"काय?"

"चप्पल! हिच्या चपलेचा अंगठा सकाळी तुटला, म्हणून ही माझी जोडी घालून कॉलनीतल्या देवीला गेली. बाहेर येऊन बघते तर जोडी गायब! शेजारी दुकानातल्या दोन नव्या जोड्या होत्या, त्यांना हात नाही लावला. माझी उचलली! अनवाणी आली बिचारी घरापर्यंत!"

बायको अनवाणी आली हे एवढ्या आनंदानं सांगणारा नवरा मी पहिल्यांदाच बघत होतो.

मामांनी पेढा चघळत विचारलं, "चोरच हुता ह्ये नक्की का? कुत्र्यानं न्हेली नसंल?"

"कुत्रं जोडी नेत नाही, मामा!" साहेबांचे डोळे भरून आले होते. "स्वतःच्या मनानं घेतली! मी गळ्यात मारली का? सांगा! हिला म्हटलं, अट तुझीच आहे!"

"मग वहिनी काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं!"

त्या रविवारी साहेब क्लासला नवीन शर्ट घालून आले. वरच्या मजल्यावर चोराचा किस्सा तिसऱ्यांदा चालला होता, तेवढ्यात खाली दुकानात वहिनी आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच दबकत. आधी जिन्याकडं बघितलं, मग पदराखालनं प्लॅस्टिकची पिशवी काढून काउंटरवर ठेवली.

मी उघडून बघितलं. तीच जोडी!

"आत्ता देवीला गेलते," वहिनी कुजबुजल्या. "त्याच पायरीपाशी होती. नीट शेजारी शेजारी लावून ठेवलेली."

"म्हणजे चोरानं परत आणून..."

"हळू बोला की! वर हायत न्हवं ते?"

वरनं साहेबांच्या हसण्याचा आवाज आला. मी विचारलं, "त्यांना सांगितलं?"

"खुळं का काय तुम्ही, भाऊ? आख्ख्या कॉलनीत पेढे वाटलेत माणसानं!" वहिनींनी पिशवी माझ्याकडं सरकवली. "मामांना गुपचूप द्या. उजव्या पायाची अंगठ्यापाशी चावतीया, मला त्या दिवशीच कळलंतं. तेवढं नीट करून ठेवा म्हणावं. शुक्रवारी परत त्याच पायरीला नेऊन ठेवते."