कुड्यानं मोजलेलं वजन

आमच्या एकोडीत वजन उचलण्याचं कुणाला कवतिक नव्हतं. धानाचं पोतं पाठीवर घेऊन माणसं सकाळपासून बैलबंडीत चढत-उतरत असत, त्यांच्याकडे कोण मान वळवून बघणार? म्हणून साकोलीच्या कॉलेजातून येऊन मी घरी सांगितलं, की लोखंडी दांडीला दोन्हीकडून चकत्या लावून ती जमिनीवरून मांडीपर्यंत उचलायची आणि पुन्हा खाली ठेवायची, असा एक खेळ आहे आणि तो मला घरी करायचा आहे, तेव्हा माय म्हणाली, "खालीच ठेवाची हाये त उचलतस कायले?"

ही सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. मी चिडलो. मी तेव्हा बोलता बोलता चिडत असे. खरं म्हणजे उत्तर माझ्याकडे तयार होतं. आमचे खेळाचे सर म्हणाले होते, की जिल्ह्याच्या स्पर्धेत माझ्या वजनगटात पहिल्या दोघांत आलो, तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीच्या चाचणीला बोलावणं येईल. वयाच्या अटीत माझी दोनच वर्षं उरली होती. शेती दीड एकर, तीही तळ्याच्या पाण्यावर. नोकरी लागली तर लागली, नाही तर दादासारखं राईस मिलमध्ये पोती शिवत बसायचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. बाबा गेले तेव्हा त्यानं सातवीतून शाळा सोडली आणि मी शिकत राहिलो. घरात यावर कधी चर्चा झाली नाही. माझा खेळ त्याला कितपत कळला कोण जाणे, पण आठ दिवसांत त्यानं मिलमधला बाद झालेला शाफ्ट मालकाला विचारून आणला. सहा फूट लांब, सरळ, मुठीत नीट बसणारा. सायकलला आडवा बांधून सात-आठ किलोमीटर पायी ढकलत आणला होता त्यानं. मी शाफ्ट आधी डोळ्यासमोर धरून वाकडा आहे का ते बघितलं आणि मग त्याला पाणी दिलं.

चकत्यांचं काम मोठं होतं. सरांनी बजावलं होतं, की दांडी जमिनीपासून नडगीच्या मधोमध यायला हवी. खाली राहिली तर पाठ वाकते, आणि वाकल्या पाठीनं उचललं की कंबर कामातून जाते. म्हणजे चकत्या चांगल्या दीड फूट व्यासाच्या हव्यात. लोहारानं बंडीच्या चाकाच्या जुन्या धावेचं लोखंड वळवून चार सारखी कडी करून दिली. त्यात मधोमध पाइपाचा तुकडा उभा करायचा आणि सिमेंट, रेती आणि गिट्टी, म्हणजे दगडाची खडी, ओतायची.

"गिट्टी अन् रेती मी मिलच्या काट्यावर तोलून आणतो," दादा म्हणाला. "एकेक घमेलं नेतो सायकलवर."

"कायले? सोनं हाये का ते?" मी म्हणालो. "कुड्यानं मोज अन् मोकळा हो."

कुडो म्हणजे आमच्याकडचं धान मोजायचं माप. खळ्यावर काटा कुणी आणत नसे, सगळं गाव कुड्यानंच मोजायचं. दोन माणसांना सारखे कुडे मिळाले की दोघांना सारखं मिळालं, यात कुणाला शंका येत नसे. मलाही आली नाही, आणि मी तर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो.

दोन चकत्या झाल्या आणि गिट्टी संपली. उरलेल्या दोन चकत्यांसाठी मी भट्टीवरचे विटांचे तुकडे फोडून आणले. दादा तुकडा हातात झेलत म्हणाला, "आता तरी तोलू दे, बापू. ईट हलकी रायते."

"दादा, तू मले शिकवू नको. माप सारखं त वजन सारखं."

 त्यानं कुडो काठोकाठ भरला, वरून हातानं सपाट केला आणि कड्यात ओतला.

पंधरा-वीस दिवस ओल्या पोत्याखाली ठेवून चकत्या पक्क्या झाल्या. अंगणात सागाच्या दोन फळ्या मांडल्या, त्यावर चकत्या टेकवल्या. गवंड्याची पाण्याची नळी आणून दांडीची दोन्ही टोकं तपासली. पाणी दोन्हीकडे एकाच खुणेला. चकत्या सरकू नयेत म्हणून बाहेरून सायकलच्या ट्यूबचे वेढे. हात घसरू नये म्हणून खडूची पूड. अनवाणी उभं राहायचं, दांडी पायाच्या मध्यावर घ्यायची, छाती पुढे, पाठ सरळ, मग पायांनी जमीन दाबायची. सगळं सरांच्या शब्दाबरहुकूम. मी खूश होतो, असा खूश मी त्या घरात क्वचितच झालो असेन.

एक गोष्ट मात्र मी माझ्या डोक्यानं केली. गिट्टीच्या चकत्या राखाडी होत्या, विटांच्या लालसर. बैलजोडीत डावा बैल डावीकडेच जुंपतात, उजवा उजवीकडेच, तशी मी चकत्यांची बाजू ठरवून टाकली. राखाडी डावीकडे, लाल उजवीकडे. सात महिने त्यात बदल केला नाही. सुरुवातीला दांडी थोडी डावीकडे झुकायची. मी ती डाव्या अंगानं जास्त जोर लावून सरळ करायला शिकलो, आणि तो माझा डावा हात कच्चा असल्याचा दोष समजलो.

स्पर्धेला दादा मिलमध्ये खाडा करून सोबत आला. तिथली दांडी खरी, चकत्या खऱ्या, कारखान्यातल्या. पहिल्याच उचलीत डावं टोक वर गेलं आणि उजवं मागे राहिलं. पंच म्हणाले, खांदे सरळ नाहीत, बाद. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी उजवीकडे जोर लावायला गेलो आणि दांडी गुडघ्यावरच अडकली. तिन्ही बाद, म्हणजे माझ्या नावापुढे शून्य. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

सर जवळ आले. "घरच्या चकत्या काट्यावर तोलल्या होत्यास का रे?"

दादा माझ्या शेजारीच उभा होता, हातात माझा टॉवेल घेऊन.

"दादानं कुड्यानं मोजल्या, सर," मी म्हणालो.

सर हसले. "धान होतं का ते?" आजूबाजूची पोरंही हसली. दादा खाली बघत टॉवेलाची घडी घालत राहिला.  घरी मायनं विचारलं तेव्हाही मी तेच वाक्य सांगितलं. माय दादाला म्हणाली, "त्याच्या एका वर्साची माती केली तुनं." तेव्हा तरी मी तोंड उघडायला पाहिजे होतं. मी हातपाय धुवायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवसापासून दादानं एकेक चकती सायकलवर घालून मिलच्या काट्यावर नेली. प्रत्येक राखाडी चकती लालपेक्षा तीन किलो भारी निघाली. म्हणजे दांडीच्या एका टोकाला सहा किलो जास्त. त्यानं लाल चकत्या घणानं फोडल्या, लाखांदूरच्या रस्त्यावरच्या खाणीतून गिट्टी आणली, तोलून ओतली, सुकल्यावर पुन्हा तोलली, आणि जिथं पावभराचा फरक राहिला तिथं छिन्नीनं खरवडून काढला. वर रोज सकाळी कामावर जायच्या आधी तो चकत्यांच्या बाजू बदलून ठेवू लागला, मला एकाच बाजूची सवय लागू नये म्हणून. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माझं अंग सरळ व्हायला चार-पाच महिने लागले.

पुढच्या वर्षी मी दुसरा आलो. चाचणी दिली, नोकरी लागली. दादा मिलमध्येच राहिला.

पुढे शहाऐंशीच्या सुमारास माझ्या ऑफिसातले दोघे मित्र सानगडीला एका लग्नाला आले होते, त्यांना घेऊन मी घरी गेलो. दांडी अजून अंगणाच्या भिंतीला टेकलेली होती. त्यांनी विचारलं, हे काय आहे, तर दादानं सगळी हकीगत सांगितली. तो सांगतो छान, हातवारे करून.

"चूक माहीच होती," तो म्हणाला. "मी कुड्यानं मोजलं. हा बिचारा म्हणत होता, दादा, काट्यावर तोल, ईट हलकी रायते. मी म्हटलं, सोनं हाये का ते? आयकलं नाई मी याचं. एक वर्स गेलं याचं माह्यापायी."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो मला वाचवत नव्हता, मोठेपणाही करत नव्हता. त्याला खरोखर तसंच आठवत होतं. इतकी वर्षं माय, शेजारी आणि मी, सगळ्यांच्या तोंडून ऐकून ऐकून ते त्याचं झालं होतं.

"म्हणजे तुमचं बरोबर होतं तर," एक मित्र माझ्याकडे वळून म्हणाला.

मी हो म्हणालो.