सकाळचा नंबर

आमच्या मंडळींच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हापासून एक दिवसाआड जळगावचा सरकारी दवाखाना आमच्या मागे लागला आहे. अंगातलं रक्त मशीनमधून धुतात आणि परत अंगात घालतात, त्याला डायलिसिस म्हणतात. सरकार ते फुकट करतं. मी चौथीत शाळा सोडली, पण फुकट काही नसतं एवढं मला कळतं. ते कोणाच्या तरी खिशातून जातंच, माझ्याही जातं. म्हणून मी तिथं मान खाली घालून बसत नाही.

आमचा नंबर दुपारचा. असोद्याहून अर्ध्या जेवणावरून उठून निघायचं आणि परत यायचं ते दिवेलागणीला. मंडळी तोवर पार गळून जाते. सकाळचा नंबर असता तर तिला दुपारी घरी निजता आलं असतं, मलाही मळ्यातलं पाणी बघता आलं असतं. मला तो नंबर हवा होता, आणि तो होता डोंगराकडच्या एका म्हाताऱ्याच्या बायकोकडे.

त्याचं गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. पावसावरची थोडी शेती, बाकी मजुरी. त्याची बायको खिडकीजवळच्या मशीनवर सकाळी बसायची. ती उठली की त्याच गादीवर आमची मंडळी बसायची. सगळे त्याला नाना म्हणत. सिस्टर आपल्यातला चहा त्याला देत. वयानं मी मोठा, पण मला कोणी विचारलं नाही. आणि त्या दोघी बायका! एक उठायची, एक बसायची, मधल्या वेळात काय ते बोलत आणि तोंडाला पदर लावून हसत. माझ्यासोबत एवढा संसार केला बाईनं, पण अशी हसलेली मला आठवत नाही.

मी ठरवलं, याचा वशिला आहे. मग आपण काय कमी आहोत?

आमच्याकडे कोणाकडून काम करून घ्यायचं असेल तर रिकाम्या हातानं जात नाहीत. मी मळ्यातला पहिल्या कापणीचा अख्खा घड मोटरसायकलवर बांधला आणि वॉर्डात नेऊन टेबलावर ठेवला. मंडळींना केळी बंद आहेत हे मला ठाऊक होतं, पण ते तिच्यापुरतं असेल असं मला वाटलं. सिस्टर धावतच आल्या.

"आबा, अहो, इथल्या एकालाही केळं चालत नाही. त्यातल्या पोटॅशियमनं हृदय बंद पडेल कोणाचं तरी. उचला आधी."

"आमचं केळं दिल्लीपर्यंत जातं," मी म्हणालो.

"जाऊ द्या की दिल्लीला. वॉर्डात नको."

घड बाहेर बाकावर गेला. पेशंटसोबत आलेल्यांनी तो खाल्ला. नाना माझ्याजवळ येऊन बसला.

"हाऊ घड घरना शे का, आबा?"

"घरचा नाही तर काय हातगाडीवरचा?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. विहीर, ठिबक, ट्रॅक्टर, धाकट्या मुलानं घेतलेली नवी बाग. जरा मोठ्यानंच सांगितलं, बाकीच्यांनीही ऐकावं म्हणून. नाना शांतपणे केळं सोलत म्हणाला, "गोड शे." त्याला माझा हेवा वाटायला हवा होता. तसं काही त्याच्या तोंडावर दिसलं नाही, त्याचा मला आणखी राग आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खिडकीजवळचं मशीन बंद पडलं. सुटा भाग वरून यायचा होता, वरून मंजुरी यायची होती. सिस्टरनी आम्हा सगळ्यांना बोलावलं.

"पेशंट तेवढेच आहेत, मशीन कमी. सरकारी योजनेतल्या फुकट जागा बाहेरच्या खाजगी दवाखान्यांतही भरल्यात. ज्यांना पदरचं देणं झेपतं त्यांनी थोडे दिवस बाहेर जावं, म्हणजे ज्यांना झेपत नाही त्यांचा खाडा पडणार नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा घड सगळ्यांनी खाल्ला होता ना! नाना तेवढा जमिनीकडे बघत होता.

मी म्हणालो, "मी कष्टानं बाग केली, हा माझा गुन्हा का? सरकारला मीही भरतो. माझाच हक्क का जावा?"

"हक्क जात नाही, आबा. तुमची जागा मी राखते."

"मग परत आल्यावर सकाळचा नंबर द्या."

"सकाळी लांबचे बसतात. नानांना परत जायला दुपारची एकच गाडी आहे. आणि सकाळची जागा रिकामी कधी होते, आबा? तुमची कशी झाली होती?"

ते मला ठाऊक होतं. आमच्या आधी त्या जागी पाळधीकडचा एक मास्तर बसायचा. तो वारला तेव्हा आमचा नंबर लागला. तेवढ्यात नाना बोलला.

"सिस्टर, आबाले सकायना नंबर द्या. आम्ही दुपारना लिसूत. गाडी चुकनी तं स्टँडवर पडी राहसूत."

मला हवं ते माझ्या पुढ्यात होतं, पण देणारा तो होता. ज्याच्याकडे काही नाही त्यानं मला द्यावं? आणि मंडळी गादीवरून त्याच्याकडे जसं बघत होती, तसं माझ्याकडे कधी बघितलं नाही तिनं.

"नको," मी म्हणालो. "आम्ही कोणाचं काढून घेत नाही. बाहेर जातो."

गेलो. खाजगीत गार खोली, टीव्ही, स्वच्छ चादर. मंडळी भिंतीकडे तोंड करून पडायची. तिथल्या डॉक्टरनं एकदा सहज विचारलं, तिकडचं कसं असतं. ती लगेच उठून बसली आणि सांगायला लागली, एक नाना आहेत, डोंगराकडचे, त्यांनी आम्हाला आपला नंबर देऊ केला होता. किती मोठं मन, म्हणाली. पदरचं मी घालत होतो, त्याच नानांच्या बायकोचा खाडा पडू नये म्हणून. ते मात्र ती डॉक्टरला बोलली नाही.

मी तिला रस्त्यात विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही काय तुम्ही?"

"मी सोडलाच ना नंबर."

"सोडलात," ती म्हणाली. "पण किती फणफणत."

मशीन सुरू झाल्यावर आम्ही परत गेलो. नंबर दुपारचाच. दोघी भेटल्या तर हात धरून बसल्या, सिस्टर ओरडेपर्यंत. नानाच्या गाडीची वेळ झाली. तो उठला, मला राम राम केला. मी केला. मग खिडकीतून बघत राहिलो. तो बायकोचा हात धरून हळूहळू फाटकाकडे चालला होता, आणि आमची मंडळी मशीनवरून मान उंच करून त्यांनाच बघत होती.