ट्रेलरचं ऐकून घेणारे मावसाजी

माझ्या मावसाजींइतकं ट्रेलरचं बोलणं मन लावून ऐकणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नाही, आणि हे मी भाची म्हणून नाही, त्यांच्या शेजारच्या टेबलवर बसणारी म्हणून सांगते. थोरल्या मावशीचे हे यजमान. पूर्वी स्वतः ट्रेलर चालवायचे, आता शहराला लागून असलेल्या वाडी भागात, एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात फाटकावर असतात. मी त्याच फाटकाला लागून असलेल्या ऑफिसात गेटपास बनवते. नियम असा की मावसाजींनी मान हलवली की मगच मी शिक्का मारायचा. हा नियम मालकानं केलेला नाही. मावसाजींनी केला, मालकाला तो नंतर कळला.

त्यांचं म्हणणं, गाडी खोटं बोलत नाही, ड्रायव्हर बोलतो. चाबी फिरवली की समोरचे सगळे दिवे एकदा लागतात आणि मग एकेक करून विझतात, हे तुम्हा-आम्हाला किरकोळ वाटेल, पण मावसाजी त्याला हजेरी म्हणतात. नवीन ड्रायव्हर आला की हे त्याच्या शेजारी चढून बसणार. "लाव चाबी. आता पाह्य गा, कोण कोण हजर म्हणून राहिलं." पिवळा दिवा राहिला तर गाडी सांगून राहिली, लाल राहिला तर भांडून राहिली, इतकं सोपं. पण त्यांना खरी भीती वाटते ती न लागणाऱ्या दिव्याची. एकदा एक ड्रायव्हर मोठ्या कौतुकानं म्हणाला, "मावसाजी, माझ्या ट्रेलरचा ब्रेकचा दिवा तर कधी लागतच नाही जी. एकदम चोख गाडी आहे." मावसाजींनी त्याच्याकडे जरा दयेनंच पाहिलं. "मास्तरनं हजेरी घेतली आन् पोट्टं बोललंच नाही, तर तू काय समजशीन? लय शहाणं आहे?" बल्ब उडालेला निघाला, आणि बल्ब बदलल्यावर दिवा जो लागला तो विझेचना.

आणि टिकल्यांचं तर सांगायचंच राहिलं. काही ड्रायव्हर लोकांना जळता दिवा डोळ्यात टोचतो, तर ते काय करतात, बायकोची एखादी टिकली त्याच्यावर चिकटवून देतात. दिवा दिसत नाही, म्हणजे बिघाड नाही. मावसाजी ती टिकली नखानं काढतात आणि विसरून आपल्याच शर्टाच्या बाहीला लावतात. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मावशीनं धुण्याच्या बादलीपाशी उभं राहून विचारलं, "ही कोणाची आहे?" मावसाजी पेपरातून डोकंही न काढता म्हणाले, "चौदा चाकीवाल्याची." मावशीनं तीन दिवस भाजीत मीठ टाकलं नाही.

पण दिवे हे झालं डोळ्याचं काम. मावसाजींचा खरा मान होता कानाचा. ट्रेलरचे ब्रेक हवेवर चालतात, आणि हवा कमी झाली की केबिनमध्ये बजर बोंबलतो. "तो तं बहिऱ्यालेही ऐकू येते," ते म्हणायचे. त्यांना हवी असायची बजरच्या आधीची फुसफुस, पुढच्या केबिनपासून मागच्या ट्रेलरला जाणाऱ्या हवेच्या पाइपांच्या जोडावरची, अगदी बारीक. त्यासाठी यार्डात रोज दोन मिनिटांचं मौन व्हायचं. इंजिन बंद, हमाल गप्प, चहावाला गिलास हातात धरून उभा, आणि मावसाजी डोळे मिटून ट्रेलरच्या बाजूनं हळूहळू चालताहेत. एकदा रस्त्यानं जाणाऱ्या एका भल्या माणसानं हे पाहून टोपी काढली आणि मला हळूच विचारलं, "कोण गेलं वं बाई?" मावसाजी डोळे न उघडता म्हणाले, "अजून कोणी नाही गेलं. जाऊ नये म्हणून ऐकून राहिलो."

या मार्चमध्ये लोखंडी पत्र्याचे रोल भरलेला एक ट्रेलर निघायचा होता. मौन झालं, मावसाजी चालत गेले, परत आले, मान हलवली. मी शिक्का घेऊन बाहेरच उभी होते, आणि मला स्पष्ट ऐकू येत होतं, लाल पाइपाच्या जोडावर साप फुसफुसावा तसं. मला वाटलं ते माझी परीक्षा घेताहेत. मी थांबले. ते म्हणाले, "मार नं शिक्का. काहून थांबली?"

"मावसाजी, हवा निघून राहिली."

"कुठी?"

मी दाखवलं. त्यांनी जोडाला कान लावला. मग दुसरा कान लावला. मग बोट ओलं करून तिथं धरलं, आणि बोटाला कळलं. रबराची रिंग त्यांनी स्वतःच बदलली, कोणाला हात लावू दिला नाही. हात पुसता पुसता मला विचारलं, "किती दिवसांचं असंन हे?" ते पाइपाबद्दल विचारत नव्हते.

पुढचे तीन दिवस त्यांनी एकच काम केलं. हिवाळ्यापासून मान हलवून सोडलेल्या एकेका ड्रायव्हरला फोन. "बरा पोचला होता नं गा? ब्रेक बरोबर लागून राहिले?" ड्रायव्हर गोंधळून म्हणायचे, त्याले तं दोन महिने झाले जी. सगळे सुखरूप होते. तरी मावसाजींनी यादी पुरी केली, मगच माझ्या गाडीवर मागे बसून धंतोलीला कानाच्या डॉक्टरकडे यायला तयार झाले.

मावशी मागून ऑटोनं आली. "वर्षभरापासून सांगून राहिली मी. कुकरच्या चार शिट्ट्या होतात, आन् हे म्हणतात एकही नाही झाली." तपासणीला त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर आले ते त्या मशीनवरच्या मुलीला आपुलकीनं समजावायला लागले, "बाई, तुमच्या मशीनच्या शेवटच्या शिट्ट्या बंद आहेत. दुरुस्त करून घेजा." ती हळूच म्हणाली, "काका, चालू आहेत." मावशीनं त्यांचा हात धरला, आणि दवाखान्याच्या बाकावर, इतक्या लोकांत, त्यांनी तो धरू दिला. डॉक्टरांनी सांगितलं, इतकी वर्षं इंजिनाशेजारी गेली, जाड आवाज ठीक आहेत, बारीक आवाज गेले. कानात मशीन लावलं तर थोडे ऐकू येतील.

मालकाला त्यांनी स्वतःच सांगितलं. "माझ्या कानावर आता गाडी सोडू नका." मालक म्हणाला, मग डोळ्यावर सोडा, पण फाटक सोडू नका. आता मावसाजी ब्रशनं प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावतात. जिथं बुडबुडा फुगला तिथं हवा. मौनात चालायचं काम माझ्याकडे आलंय, आणि मला सारखी भीती वाटते की माझ्याकडून काहीतरी सुटेल. मी बोलले त्यांना. म्हणाले, "तेच पाहिजे. भीती गेली का कान गेला समज."

कानातलं मशीन आलं त्या सकाळी ते यार्डात मान वाकडी करून फिरत होते. सगळं डब्यात वाजल्यासारखं येतं म्हणाले. मग एकदम थांबले. "हे चिवचिव कोणत्या गाडीचं वं?"

"गाडी नाही मावसाजी. चिमण्या आहेत, शेडच्या पत्र्याखाली."

गेली तीन-चार वर्षं त्यांनी येईल त्याला सांगितलं होतं, मोबाईलच्या टॉवरनं वाडीतल्या चिमण्या संपल्या म्हणून. त्यांनी वर पाहिलं.

"ह्या केव्हा आल्या?"

"गेल्याच नव्हत्या."

बाहेर एक ड्रायव्हर पाससाठी हॉर्न देत होता. मावसाजींनी त्याला हातानं थांब म्हटलं आणि खुर्ची ओढून शेडखाली बसले.